कोरड्या फरशीची मावशी

सेलू तालुक्यात फरशीबद्दलची जेवढी म्हणून अक्कल आहे, तेवढी सगळी आमच्या ऑफिसात पोछा मारायला येणाऱ्या मावशीच्या एकटीच्या डोक्यात साठलेली होती. बाकीचे आपण सगळे फरशीवरून नुसते चालणारे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी इतकं ठासून मांडतो, कारण तिची आठवण निघाली की मला लाज वाटते. तिची नाही हो, माझी. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या, लग्नाकार्यात पुढच्या रांगेत बसवल्या जाणाऱ्या माणसाला वाटू नये इतकी वाटते. तर आधी मावशी सांगतो. माझं काळं तोंड नंतर दाखवतोच, ते कुठे पळून जात नाही.

आमचं ऑफिस म्हणजे एका बियाण्यांच्या कंपनीचं तालुक्याचं ठिकाण. एक लांबलचक हॉल, टोकाला साहेबांची केबिन, आणि खाली जुन्या काळची मोझॅकची फरशी. मी तिथला सगळ्यात जुना बाबू. रोज केळझरहून स्कूटरने येतो. मावशी एजन्सीमार्फत लागलेली, पण एजन्सी बदलली, साहेब बदलले, भिंतींचा रंग तीनदा बदलला, मावशी तीच. घरची भाजीपाल्याची वाडी. पहाटे मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, तोडून नवऱ्याच्या हवाली करायची आणि नऊच्या आत ऑफिसात हजर. तिच्याजवळ कायम दोन बादल्या. एकीत फिनाईलचं पाणी, दुसरीत साधं. पोछा आधी दुसरीत खळबळायचा, पिळायचा, मगच पहिलीत बुडवायचा. एकदा घाईघाईत मी म्हटलं, "मावशी, एका बादलीत नाही का भागत?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आंघोळीच्याच पाण्याचा चहा मागितला. म्हणाली, "एका बादलीत फरशी पुसत नाई बाबूजी. घाण इकडची तिकडे नेऊन ठेवते."

हॉल एकदम कधीच पुसायची नाही. आधी डावी बाजू, ती खणखणीत वाळली की उजवी. मधोमध एक स्टूल उलटं ठेवायची, ती सरहद्द. "निम्मी फरशी माही, निम्मी तुमची," असा कायदा होता आणि तो साहेबांनाही लागू होता. नागपूरहून गाडीने येणारे आमचे साहेब एकदा डिसेंबरच्या थंडीत केबिनकडची बाजू ओली म्हणून हातात डबा घेऊन दहा मिनिटं दाराबाहेर उभे होते. आत ते माझ्यावर खेकसणारे, बाहेर मात्र मुकाट स्वेटरची चेन वरखाली करत होते. मी खिडकीतून पाहून पोटभर हसून घेतलं. चपला-बूट तर दाराबाहेरच. बाहेरून येणारे शेतकरी, कंपनीचे सेल्समन, ऑडिटवाले, सगळे अनवाणी. कोणी कुरकुरलं तर तिचं एकच उत्तर तयार: "अठरा साल झाले. माह्या फरशीवर एकबी माणूस पडला नाई." हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. कोणी विचारलं नाही तर बादलीला सांगायची.

हिवाळा लागला की मावशीच्या अंगात संचारायचं. तिचं शास्त्र असं, की सर्दी नाकातून येते हा डॉक्टर लोकांचा गैरसमज. "वरून येते थो वारा, बाबूजी. सरदी खालून येते. गारठल्या फरशीतून तळपायात, तळपायातून गुडघ्यात, आन् मंग डोस्क्यात." म्हणून थंडीत ती कोमट पाण्याने पुसायची, पोछा असा पिळायची की त्याच्यातून थेंब काढून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं, आणि फरशी वाळली की नाही ते हाताची उलटी बाजू टेकवून बघायची, तापल्या पोराच्या कपाळाला लावतात ना, तशी. सकाळी खिडक्या सताड उघडून आम्हाला कुडकुडवायची. म्हणायची, उन्हाले आत येऊ द्या, थे काई फुकट खात नाई. वापरलेले पोछे गच्चीवर दोरीला. "पोछ्यालेबी ऊन लागते. ओला पोछा म्हंजे रोगाचं घर." आणि प्रत्येकाच्या टेबलाखाली, पाय ठेवायला, तिनं स्वतः शिवलेलं पोत्याचं जाड पायपुसणं; दर शनिवारी धुतलेलं, वाळलेलं. माझ्या पायपुसण्याला लाल काठ होता. का, ते मी कधी विचारलं नाही. वरिष्ठतेचा मान असावा असं मी आपलं समजून चाललो होतो.

आमचे रेकॉर्डवाले जन्माचे खोकणारे. त्यांना ती दरडावायची, "खोकला आपल्या दुपट्ट्यात ठेवा, माह्या फरशीवर नोका टाकू." हॉलच्या कुठल्याही कोपऱ्यात कोणी शिंकलं की पंधरा मिनिटांत त्याच्या टेबलावर ओली हळद आणि गुळाचा खडा. हिरव्या लसणाची चटणी तर तिनं अख्ख्या ऑफिसाच्या डब्यात रुजवली. दुपारनंतर आमच्याशी बोलणारे लोक दोन हात लांबून बोलायचे. एकदा साहेबांच्या ग्रीन टीच्या किटलीत तिनं ओवा उकळला, रेकॉर्डवाल्यांना वाफ द्यायला. महिनाभर साहेबांच्या चहाला ओव्याचा वास. ते भडकले, तर ही शांतपणे म्हणाली, "आता तुमाले सरदी होतच नाई साहेब, आतून बंदोबस्त झाला." आणि खरं सांगतो, त्या हिवाळ्यात साहेब एक दिवस आजारी पडले नाहीत. आम्हाला त्याचं जरा वाईटच वाटलं.

आता माझ्यावर येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मला थंडीत टाचांना भेगा पडतात. साध्यासुध्या नाही, चालताना चादरीचे धागे अडकतील अशा. चपला घालून स्कूटरने यायचं, वर ऑफिसात अनवाणी. रक्त यायला लागलं. मावशीनं पाहिलं आणि एरंडीचं तेल सांगितलं. पण नीट सांगितलं हो, बोट नाचवून नाचवून सांगितलं: "झोपताना लावजा. वरून मोजे घालजा. सकाळी साबनानं पाय धुऊन येजा. ऑफिसात बिलकुल नोका लावू!" मी हो हो म्हटलं. घरी लावायला गेलो तर बायकोनं नाक दाबलं, म्हणाली, गादीला डाग पडतील, पांघरुणाला वास येईल. मग मी एक शहाणपणा केला. बाटली उचलली आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवली. म्हटलं, सकाळचा अर्धा तास तसंही काही काम नसतं.

जानेवारीतली सकाळ. मावशीची डावी बाजू पुसून, वाळून केव्हाच मोकळी झाली होती. ती उजवीकडे लागली होती. मी टेबलाखाली वाकून दोन्ही टाचांना, आणि हात फिरला तसा तळव्यांनाही, चांगलं चोपडून तेल लावलं. पाय लाल काठाच्या पायपुसण्यावर ठेवून जिरायची वाट पाहत बसलो. एरंडीचं तेल, ते कशाला जिरतं! तेवढ्यात केबिनमधून साहेबांची हाक आली, "बाबूजी, ती देवळीच्या डीलरची फाईल! आत्ता!" साहेबांच्या ‘आत्ता’ला मी फार भितो. फाईल उचलली आणि धावलो. चार पावलं बरी पडली. पाचवं पाऊल माझं राहिलंच नाही, ते स्वतःच्या मर्जीनं निघून गेलं. मी डाव्या हातावर आपटलो आणि देवळीचे कागद हॉलभर उडाले.

सगळे धावले. साहेब बाहेर आले. मनगट असं दुखत होतं की डोळ्यांतून पाणी येत होतं. साहेबांनी विचारलं, "काय झालं? फरशी ओली होती का?"

आणि मी म्हटलं, "हो."

बस, एवढंच. एकच अक्षर. माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी काय आलं माहीत आहे? पन्नाशीचा बाबू पायाला एरंडेल चोपडून घसरला, ही बातमी केळझरपासून वर्ध्यापर्यंत कशी फिरेल, ते आलं. मावशी सरहद्दीच्या पलीकडे पोछा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मनगटाकडे पाहिलं. ती आली, मी पडलो होतो तिथे गुडघ्यांवर बसली, उलटा हात फरशीला टेकवला, मग बोटं नाकाशी नेली. कमरेला खोचलेलं कोरडं फडकं काढून तिनं माझ्या टेबलापासून पाचव्या पावलापर्यंतचे सगळे ठसे एकेक करून पुसले. तिला एक वाक्य बोलायचा अवकाश होता. तिच्या हातात पुरावा होता, आणि तो तिनंच पुसून टाकला.

मला सावंगीच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. साहेबांनी एजन्सीला फोन केला, कंपनीचा नियम वगैरे, आणि सोमवारपासून दुसरी बाई यायला लागली. मावशी शनिवारी येऊन सगळी पायपुसणी धुऊन, वाळवून, ज्याच्या त्याच्या टेबलाखाली घालून गेली म्हणे. माझंही.

प्लास्टरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नवी बाई गरीब होती, तिच्याकडे चार ऑफिसं. एका बादलीत धडाधड पुसून निघून जायची. अकरापर्यंत फरशी ओली, खिडक्या बंद, हॉलभर शिंका. रेकॉर्डवाले खोकताना म्हणायचे, "मावशी पाहिजे होती राजेहो." बाकीचे हो म्हणायचे. मीही म्हणायचो! आपली जीभ झडली कशी नाही, असं मनात यायचं आणि मी फायलीत डोकं घालायचो. रोज ठरवायचो, आज साहेबांना सांगू. रोज काहीतरी निघायचं: साहेब घाईत आहेत, साहेब रागात आहेत, साहेब खुशीत आहेत तर कशाला उगाच.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी सेलूच्या बाजारात गेलो. मावशी वांगी-मेथी घेऊन बसली होती. बसायच्या जागेपुढची जमीन झाडून, पाणी शिंपडून ठेवलेली, आणि गिऱ्हाइकाला सांगत होती, "तिकून या, इकडे ओलं हाय." मला पाहिलं. आधी पायांकडे पाहिलं, मग हाताकडे.

"निघालं पलस्तर?"

"निघालं." मी घसा खाकरला. "मावशी, फरशी ओली नव्हती."

ती मेथीच्या जुड्या लावतच राहिली. "हव. मले मालूम हाय. चार पान्यानं धुतलं तरी त्या फडक्याचा तेलकट वास गेला नाई."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"म्या कायले बोलू? तुमी पडल्ते, तुमचा हात मोडल्ता. त्या वक्ती बोलली असती तं सारे हसले असते तुमाले." तिनं एक जुडी उचलली, पिवळी पानं काढून टाकली. "मले वाटलं, दुखनं थांबलं का सांगसान. म्या वाट पाह्यली, बाबूजी. सोमवारी पाह्यली, मंगळवारी पाह्यली. मंग वांगे तोडाले लागली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिथेच उभा राहिलो, ओल्या जागेवर, आणि तिनं मला तिथून हटायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे हॉलमध्ये असताना मी साहेबांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं. तेल, ड्रॉवर, पाचवं पाऊल, सगळं. साहेबांनी आधी डोळे वटारले आणि मग असे हसले की केबिनच्या दाराला धरून उभं राहावं लागलं. रेकॉर्डवाल्यांना हसताना खोकला लागला. कोणीतरी मला "एरंडेलबाबू" म्हटलं. ज्याला भिऊन मी ते "हो" म्हटलं होतं, ते सगळं झालं. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपलं. डबे उघडले आणि लोक दुसऱ्या गोष्टी बोलायला लागले. एवढ्याशा हसण्यापायी मी त्या बाईची अठरा वर्षं बुडवली होती.

साहेबांनी एजन्सीला पुन्हा फोन केला. मावशीनं निरोप पाठवला, की आता वाडीत माणूस कमी आहे, जमणार नाही. खरं कारण तेच असेल. मी ते खरंच धरून चालतो, तेवढी सोय मला पाहिजे.

हा त्यानंतरचा हिवाळा. मी घरीच तेल लावतो, मोजे घालतो. बायकोनं गादीवर जुनं लुगडं टाकलं आहे. ऑफिसात कोणी अडवत नाही, तरी फरशी वाळेपर्यंत मी चपला काढून दाराबाहेर उभा राहतो. लाल काठाचं पायपुसणं दर शनिवारी स्वतः धुतो. तिच्यासारखं होत नाही, कडक राहतं. आणि दर बाजाराला मेथी तिच्याकडूनच घेतो. ती आधी माझ्या टाचा बघते, मग माझी पिशवी मागते.

परवा शेजारच्या भाजीवालीनं स्वतःच्या पोत्यापुढे पाणी सांडून चिखल केला होता. मावशी तिला सुनावत होती, "असं पानी टाकतेत का वं? मी अठरा साल हापिसात फरशी पुसली. एकबी माणूस नाई पडला माह्या फरशीवर." बोलता बोलता तिला मी दिसलो आणि ती गप्प झाली. शेजारीण माझ्याकडे पाहायला लागली, ऑफिसातला माणूस म्हणून.

"एकही नाही," मी म्हणालो. "मी तिथेच होतो."

मावशीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मेथीची जुडी निवडायला लागली.