लालला एक गाठ, हिरव्याला दोन

वडूजच्या एसटी स्टँडसमोर नाथाजीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक चिंचेचं झाड. पण १९७४च्या सुमाराला खटाव तालुक्यात कुणाच्या फटफटीचा दिवा लागेना किंवा हॉर्न वाजेना झाला, की ती ढकलत ढकलत या चिंचेखालीच यायची. माझीही यायची, आणि दर वेळी नाथाजी ऐकवायचा, "मास्तर, पोरांना शिकवताय, गाडीला कवा शिकवणार?"

त्याचं हत्यार एकच. एक छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक टोक बॅटरीला लावायचं, दुसरं जिथे संशय तिथे. बाकीचे मिस्त्री रंग बघून वायर ओळखत आणि फटाफट कापत. नाथाजी एकेक वायर बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. काय चिकट माणूस आहे, असं आम्ही म्हणायचो. खरं कारण त्याने मला फार पुढे, केस पिकल्यावर सांगितलं. नाथाजीला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नव्हता.

हे त्याला स्वतःला कळलं तेच मुळी साताऱ्याच्या भरतीत. उंची झाली, छाती झाली, धावणं झालं, आणि डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. गडी रडतच घरी आला. दोन चुलते फौजेत, गावात घरटी एक शिपाई. डोळ्यांनी घात केला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "छाती अर्धा इंच कमी भरली," असं त्याने ठोकून दिलं. आता पैलवानाची छाती घेऊन कुणी असं सांगितलं तर काय म्हणावं! पण गावात खपलं.

बायकोजवळ मात्र आठवडाभरही खपलं नाही. नव्या नवरीच्या हिरव्या चुड्याकडे बघून हा प्रेमाने म्हणाला, "लाल बांगड्या लय शोभत्यात." शालूबाई आधी पोट धरून हसली. पण वायरिंगच्या मिस्त्रीला रंग कळत नाहीत हे फुटलं, तर दुकानाकडे कुत्रंही फिरकणार नाही, हे तिला लगेच उमगलं. तेव्हापासून वायरीची नवी गुंडाळी आली की ती टोकाला गाठ मारून ठेवायची. लालला एक, हिरव्याला दोन. नऊ वर्षं ही गोष्ट त्या दोघांपलीकडे गेली नाही.

दहाव्या साली मार्गशीर्षात शालूबाई सिद्धनाथाच्या रथासाठी माहेरी, म्हसवडला गेली. नेमक्या त्याच दिवशी दोन नव्या गुंडाळ्या आल्या, आणि पाठोपाठ रिटायर्ड सुभेदार आप्पासो, घामाघूम होऊन फटफटी ढकलत.

आप्पासो म्हणजे पेन्शनीतही परेड. खंडेनवमीच्या पूजेला नुसती हत्यारं धुऊन त्यांचं भागायचं नाही. कुदळ, पहार, फटफटी, सगळं रंगवून ओळीने मांडायचं. यंदा फटफटीला फौजी हिरव्या रंगाचे दोन हात बसले होते. तेव्हापासून तिचं बिनसलं होतं. हॉर्न दाबला की दिवा मंद, ब्रेक दाबला की हॉर्न गप्प, खड्डा आला की सगळंच बंद.

"साताऱ्यात दोन मिस्त्री झालं," आप्पासो गरजले. "बॅटरी नवी, कॉइल नवी. तरी हाय त्येच!"

नाथाजीने बल्ब काढला. एक टोक बॅटरीला, दुसरं इथे-तिथे लावत तो बॅटरीची वायर सांगाड्याला बसते त्या बोल्टापाशी आला. बल्ब कसाबसा मिणमिणला. त्याने बोल्ट काढला आणि हसायलाच लागला.

"आवं सुबेदारसाब, ह्या बोल्टाच्या खालीबी रंग दिलाय?"

"दिला की. काम अर्धवट करायची आपल्याला सवय न्हाई."

"मग करंट जाणार कुठनं? लोखंडाला लोखंड लागाय पायजे." त्याने चाकूने रंग खरवडला. वायर तिथे टेकवली, तसा बल्ब लख्ख पेटला.

पण काढताना त्या वायरीचं टोक तुटलं होतं. आप्पासो म्हणाले, "हिरवी हाय. हिरवीच घाल."

"कुठलीबी चालंल, साब. करंट काय रंग बघत न्हाई."

"मी बघतो. हिरवीच."

नाथाजीने दोन्ही गुंडाळ्यांकडे बघितलं. गाठी नव्हत्या. त्याने देवाचं नाव घेऊन एक उचलली.

"नाथा, ही लाल हाय," आप्पासो म्हणाले.

नाथाजीने गुंडाळी घाईने खाली ठेवली. आप्पासोंचा आवाज स्टँडच्या पलीकडे ऐकू जायचा, आणि समोर म्हसवडची गाडी माणसांनी भरत होती.

"मला लाल-हिरवं कळत न्हाई," तो कसाबसा म्हणाला. "भरतीतबी त्यानंच बाद झालो. कुणाला बोलू नगा, साब. दुकान जाईल माझं."

आप्पासोंनी रस्त्याकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदाच हळू बोलले. "तुजी छाती बघून मला कवाच शंका हुती. आन साताऱ्यातल्या त्या दोघांना रंग दिसत हुता, त्यांना कुठं घावलं? मग रोज वळखतोस कसा?"

नाथाजीने गाठींचं सांगितलं. आप्पासो दगडावर बसले आणि गुंडाळ्या मांडीवर घेतल्या.

"लालला किती?"

"एक."

चौथ्या दिवशी शालूबाई आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने नव्या गुंडाळ्या हातात घेतल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्या गाठी कुणी मारल्या?"

"आप्पासोंनी."

"म्हंजी त्यास्नी कळलं? आता काय करायचं वं?"

नाथाजीने बाहेर बोट दाखवलं. चिंचेखाली तीन फटफट्या उभ्या होत्या. "त्यांनीच धाडल्यात," तो म्हणाला.

शालूबाईने एक गाठ ओढून बघितली. जराही हलली नाही. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "लय घट्ट मारल्यात."