क्लच नसलेली गाडी

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात चार काचा फोडल्या. चारही त्याला पाठ आहेत: एक दातांच्या दवाखान्याची, एक शाळेच्या प्रयोगशाळेची, एक कुणाच्या तरी न्हाणीघरातला आरसा, आणि चौथी आमच्याच स्वयंपाकघराची खिडकी. ही शेवटची त्याने नवव्या वर्षी चेंडूने फोडली होती, पण तीही तो धंद्यातच धरतो. एकतीस वर्षं पिकअपमधून काचा वाहणाऱ्या माणसाच्या नावावर चारच, हे त्या धंद्यातल्या लोकांना खरं वाटत नाही. मला वाटतं, कारण तो काय जपतो ते मी पाहिलेलं आहे. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण खड्डा विसरणार नाही.

कॉलेजात तो एक सत्र टिकला. ताईचं शिक्षण व्हावं म्हणून भावाने स्वतःचं सोडलं, असं आमच्या आत्याने चारचौघांत सांगून माझा जीव नकोसा केला होता. खरं कारण एवढंच की त्याला वर्गात झोप यायची. मी पुढे भौतिकशास्त्र शिकवत राहिले आणि तो काचेच्या दुकानात लागला. आधी हातांनी उचलायचा, मग स्वतःची गाडी घेतली. हौद्यात तिरकी लोखंडी चौकट, तिला जुन्या सतरंज्यांचं अस्तर, आणि त्यावर उभ्या टेकवून बांधलेल्या काचा. त्याचं म्हणणं, काच खड्ड्यात फुटत नाही, गाडी सुटताना आणि थांबताना फुटते. म्हणजे सगळी कमाई पायांत.

त्याची दुसरी पिकअप बावीस वर्षांची झाली तेव्हा तिच्या पायाखालच्या पत्र्याला भोक पडलं. त्यातून रस्ता पळताना दिसे. त्याने वर जुन्या टेबलाची फळी ठोकली. पण गाडीचं पासिंग पुढच्या वर्षअखेरीला संपणार होतं, आणि तपासणी करणाऱ्या साहेबांनी हात जोडून सांगितलं, "काका, पुढच्या खेपेला हिला आणू नका. मलाच लाज वाटते."

म्हणजे नवी घेणं आलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? त्याच कंपनीची पेट्रोलची पिकअप शोरूममध्ये उभी होती. इंजिन तेच, चौकट तीच, फक्त दिवे बदललेले. कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक जी डोळे मिटून उघडेल अशी गाडी. आणि आमच्या बंधुरत्नाने नाव नोंदवलं होतं एका विजेवर चालणाऱ्या ट्रकसाठी, जो अजून कारखान्यातून बाहेरही पडला नव्हता. होतं काय, तर एक चकचकीत पत्रक. ते त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

"कधी येणार म्हणाले?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात."

"कुठल्या?"

"ताई, तू पण ना!"

"मी काय? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं चाललंय तुझं."

"मी कुठे मारतोय? मार तर मीच खातोय," तो भावजयीकडे बघून म्हणाला. ती भांडी पुसत होती. एरवी तिने लगेच उलटा टोला दिला असता, पण त्या दिवशी तिने पुढचं पातेलं उचललं.

"एवढं आहे तरी काय त्या ट्रकमध्ये?"

"आवाज नाही. धक्का नाही. क्लच नाही."

"आणि ट्रकही नाही."

तो मोठ्याने हसला. विषय तिथेच राहिला. पुढे दोन उन्हाळे गेले. ट्रकची तारीख तीनदा पुढे सरकली आणि दर वेळी मी त्याचं डोकं खाल्लं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणारा माणूस माझ्या रक्ताचा असावा, याचा मला मनस्वी राग येत होता. कुणाला काही समजावून सांगायचं असलं की मला धीर नसतो. म्हणून एका मंगळवारी मीच शोरूममध्ये फोन करून पेट्रोलच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह ठरवली आणि दोघांना घेऊन निघाले.

आम्ही त्याच्याच जुन्या पिकअपमधून गेलो. केबिनमध्ये तिघं कोंबून बसलो, भावजय मधे. गेलं दीड वर्ष ती रोज त्याच्याबरोबर फेरीला जायची. साठीला टेकल्यावर नवराबायकोंत प्रेम उतू चाललंय, अशी मी एकदा टिंगलही केली होती. त्या दिवशी बघितलं तर बाई रस्त्याकडे बघतच नव्हती. मान खाली घालून त्याच्या पायांकडे बघत होती आणि तोंडाने पुटपुटत होती.

"आला. दाबा. अजून. हं, सोडा आता. सुटला."

सिग्नल लागला की पुन्हा. "आला. नाही, बाजूला गेलाय. हं, आला."

"अगं, गप्प बस की! एकतीस वर्षं चालवतोय तो. तू कसले धडे देतेस त्याला?" मी म्हणाले.

"दाबा," ती खाली बघतच म्हणाली.

शोरूमच्या मागच्या आवारात नवी पिकअप उभी होती. माझा भाऊ तिच्याभोवती दोनदा फिरला, हौद्याचा पत्रा बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिला, वाकून खाली पाहिलं. डोळ्यांत लोभ होता, तो मला स्पष्ट दिसला. विक्री बघणाऱ्या मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही बसा. बाजूला मी बसते."

"मी बसते," भावजय म्हणाली.

"मावशी, एकच जण चालतो, आणि तो आमच्याकडचा लागतो. नियम आहे."

"मग मी मधे बसते."

"अगं, नियम आहे म्हणतेय ना ती!" मी तिला दंड धरून बाजूला घेतलं. हे मी केलं. माझ्या हातांनी.

भाऊ चढला. आरसे नीट केले, गिअर चाचपला. मग एकदा आमच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्याकडे. गाडी गुरगुरली, एक उडी मारली, दुसरी मारली आणि कोपऱ्यात रचून ठेवलेल्या टायरांवर जाऊन धडकली. इंजिन बंद पडलं. एक टायर घरंगळत येऊन आमच्या पुढ्यात आडवा पडला.

"नवी गाडी आहे, क्लच कडक आहे," खिडकीतून तो म्हणाला. पोरगी बिचारी पांढरी पडली होती. ती म्हणाली, "होतं असं, काका."

"होत नाही असं," मी म्हणाले.

तेव्हा भावजय माझ्याकडे न बघता बोलली, "वन्सं, यांना डावा पाय कळत नाही. दीड वर्ष झालं."

"कळत नाही म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण कळत नाही. कशावर आहे, किती दाबलाय, काही नाही. मी बघून सांगते."

एकतीस वर्षांचा नावलौकिक असलेल्या माणसाची बायको क्लचवरचा पाय डोळ्यांनी बघून सांगत होती आणि गावातल्या काचा शाबूत पोचत होत्या. त्याला साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं. तो गोळ्या घेतो हेही ठाऊक होतं. पुढचं मी विचारलं नव्हतं. मी फक्त गाड्यांवर भाषणं देत होते.

मी त्या मुलीला विचारलं, हीच गाडी क्लचशिवाय मिळते का? ती म्हणाली, तसल्या फिरायच्या गाड्या असतात, मालवाहू नाही.

घरी आल्यावर मी त्याला खुर्चीत बसवलं. "चप्पल काढ."

डाव्या तळव्याला टाचेजवळ एक जुना वण होता. काचेची कपची दोन दिवस आत होती. फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले म्हणून भावजयीने शोधली. त्याला पत्ताच नव्हता. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी हातआरसा घेऊन त्याचे तळवे तपासते. हे सगळं ती मला भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती.

"लाज नाही वाटली?" मी भावाला विचारलं. "रस्त्यावर माणसं चालतात. लोकांची पोरं चालतात."

"म्हणून तर क्लच नसलेली म्हणत होतो ना! तुला वाटलं मला हौस आलीय. दोन उन्हाळे तुझी बोलणी खाल्ली."

"सांगायचं होतंस."

"तू बंद कर म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"मग?" तो म्हणाला. "हे बघ, उजवा ठणठणीत आहे. ब्रेक उजव्यानेच दाबायचा. डाव्याला त्या ट्रकमध्ये कामच नाही. आहे की नाही बरोबर? तू शास्त्र शिकवायचीस ना?"

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. त्या क्षणी तो न आलेला ट्रक मला त्याच्याहून जास्त हवासा झाला. एकाएकी सगळं उत्तर त्या कपाटाच्या दारावर होतं. पण शिकवण्याची सवय वाईट. मी पेन घेतलं आणि म्हणाले, "डोळे मीट. उजवा पाय पुढे कर. कुठे टोचतंय ते सांग."

"अंगठा," तो म्हणाला. बरोबर.

"टाच." बरोबर. भावजय ओट्याला टेकून बघत होती.

"मधे." जवळपास बरोबर.

मग मी पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "आता?"

"करंगळी," तो म्हणाला. लगेच, खात्रीने, शाळेतल्या पोरासारखा.

मी काही बोलले नसते तर ते चाललं असतं. भावजयीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तेच ती मागत होती. पण तो उद्या सकाळी सात वाजता गाडी काढणार होता, आणि शाळा साडेसातला भरतात.

"पेन टेबलावर आहे," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. पेनाकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "फसवलंस," तो म्हणाला.

"हो."

डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं नाही: उजवाही चाललाय. गेलं ते गेलं, उरलंय ते जपा. किल्ल्या त्याने स्वतः भावजयीकडे दिल्या. काचेच्या दुकानात मात्र त्याने पायाचं अक्षरही काढलं नाही. गाडी बंद आहे, सुटा भाग मिळत नाही, असं चार आठवडे सांगितलं. पाचव्या आठवड्यात दुकानदाराने दुसरा माणूस लावला. त्या माणसाने पहिल्याच आठवड्यात दोन मोठ्या काचा फोडल्या, तेव्हा माझा भाऊ दिवसभर खुशीत होता. "आता येईल फोन," म्हणाला. फोन आला नाही. दुकानदाराने काचेचे दर किंचित वाढवले आणि माणूस ठेवला.

ट्रकसाठी नोंदवलेलं नाव त्याने काढून घेतलं नव्हतं. "ही चालवेल," असं त्याने ठरवलं, आणि भावजय खरंच शिकायला गेली. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास. हात चांगला होता, डोकं शांत होतं, पण नजर खाली. शिकवणारा ओरडायचा, "मावशी, रस्ता वर आहे!" ती मला म्हणाली, "काय करू, वन्सं? पाय दिसल्याशिवाय मला भरवसाच वाटत नाही." तिसऱ्यांदा ती गेली नाही. मीही बळेच पाठवली नाही. तोवर कंपनीचा निरोप आला होता. ट्रक पुढच्या वर्षावर गेला होता आणि "आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत." भावाने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"रद्द कर आता तरी," मी म्हणाले.

"राहू दे. तुला चावतंय का?" तो म्हणाला. मग म्हणाला, "चणे येतील गं कधीतरी. दातांचं काय करू, ते सांग."

पासिंग संपलं त्या आठवड्यात भंगारवाला जुनी पिकअप न्यायला आला. सकाळची वेळ होती. हौद्यातली चौकट आधीच उतरवून भिंतीला लावली होती. भंगारवाल्याने आपल्या गाडीला दोर बांधला, दुसरं टोक पिकअपच्या पुढच्या कडीला अडकवलं आणि विचारलं, "स्टिअरिंगवर कोण बसतंय? वळणावर ब्रेक मारायला कुणीतरी लागेल."

माझा भाऊ पायरीवरून उठला. सवयीने विजारीवर हात पुसले. दोन पावलं गेला. भावजय दारात उभी होती. या वेळी मी तोंड उघडलं नाही. तो थांबला, परत आला आणि पायरीवर बसला.

"तुमचा माणूस बसवा," तो म्हणाला. "आणि त्याला सांगा, ब्रेक खोल लागतो. पहिल्या दाबावर भरवसा ठेवू नकोस म्हणावं."

भंगारवाल्याचा माणूस चढला. जागेवरच त्याने ब्रेक दाबून पाहिला, एकदा, दोनदा, आणि खिडकीतून मान हलवली. दोर ताणला गेला. पिकअप एकही धक्का न देता हलली, आणि माझा भाऊ ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिच्या चाकांकडे बघत राहिला.