कमरेचा दोर

रबरी मास्कचा वास आला की मला भामरागडचा संगम आठवतो. पूर ओसरला होता, आणि रेशनच्या पोत्यांसकट बुडालेला डोंगा जेमतेम दोन पुरुष पाण्याखाली आडवा पडला होता. डोंगा हाकणारा माझा मेहुणा, बहिणीचा नवरा, सापडत नव्हता, म्हणून पाठीला सिलिंडर बांधून मी खाली उतरलो. डोंग्याचा दोर शेजारच्या खडकाच्या कपारीत गेला होता. तो धरून आत चाचपलं, तर तो हाताला लागला. दोराचं दुसरं टोक त्याच्या कमरेला होतं. डोंगा वाहून जाऊ नये म्हणून असं बांधायला त्याला मीच शिकवलं होतं. मी गाठ कापली, दोर गाळात दाबला आणि त्याला वर आणलं. काठावर बहीण म्हणाली, "दादा, त्यायले तं पोहता येत होतं. मंग काऊन नाई आले वर?" मी म्हणालो, "नाई माहीत, बाई." माझ्या भावानंच त्यायले शोधून आणलं, असं ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि मी ऐकून घेतो.