शाळेची प्रगती

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको दारात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो. मी किडके दाणे चांगल्यात टाकतोय म्हणून ही बोलली, "रेल्वेत रूळ कसं तपासलं वो तुम्ही? गाड्या नशिबानंच गेल्या म्हणायच्या." मी म्हटलं, "तुझ्या नशिबाला मी आलो, तशाच." आमची पोर मधेच ताटात हात घालत होती. पहाटे हिच्या छातीत कळ आली आन् दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं.

दुपारी माती झाली. संध्याकाळी पोरीच्या शाळेचे अध्यक्ष आले, संगं मोठ्या बाई. अध्यक्षांनी हात जोडले, "वहिनी म्हणजे आमच्या संस्थेचा खांब होत्या." खरंच हाय. खांबाला पगार नसतो.

संस्थेचा इतिहास ते भाषणात निराळा सांगतात, म्हणून मीच सांगतो. अध्यक्षांना काढायचं होतं डी.एड. कॉलेज. ते दुसऱ्याच पुढाऱ्यानं पळवलं. तवा त्यांना एकदम मतिमंद पोरांचा कळवळा आला. दौंडातनं शिरूरला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं खताचं गोडाऊन होतं, त्याला पाटी लागली. बाहेर 'सेवा हाच धर्म', आत युरियाचा वास. आमची पोर तिथं पहिल्या दिवसापासून. बोलणं तोडकंमोडकं, शी-शूचं कळायचं न्हाई.

मग समाजकल्याणचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. खरी पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. अध्यक्षांनी शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतनं पोरं उसनी आणली. त्यांना बजावलं, "तोंड उघडं ठेवून बसायचं. काय बी विचारलं तरी बोलायचं न्हाई." पोरं बसली झकास. पण साहेबाचा पाय दारात पडला आन् सवयीनं सगळी ताडकन उभी राहून एका सुरात ओरडली, "एऽऽक साथ नमस्ते!"

अध्यक्षांचं तोंड चुन्यागत पांढरं. साहेब मात्र खूश. "वा! एवढी प्रगती मी कुठंच पाहिली नाही." आमची पोर तेवढी खाली बसून चपलेचा पट्टा चघळत होती. तिच्याकडं बोट करून म्हणाले, "हिच्यात मात्र काही सुधारणा दिसत नाही."

शाळेला मान्यता मिळाली, अनुदान मिळालं, गोडाऊनवर मजला चढला. आन् आमची पोर शाळेला जड झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "स्वतःचं स्वतः करणारी मुलंच घेतो आम्ही."

"सोताचं करता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आणली असती, बाई?" ही म्हणाली. "मी बसते व्हरांड्यात. तिचं काय असंल ते मी बघते."

बसली ती वर्षानुवर्षं. आधी आपल्या पोरीचं बघायची, मग सगळ्यांच्याच चड्ड्या धुवायला लागली. आत बाया तक्ते रंगवायच्या. पोर काय शिकली म्हणाल तर डबा उघडायला शिकली, अन् एका मैत्रिणीचा हात धरून हसायला. सुट्टी लागली की घरात भिंतीवर डोकं आपटायची. म्हणून ती शाळा लागायची आम्हाला. बाकी आम्हाला त्या शाळेचं कौतुक न्हाई.

तर त्या संध्याकाळी मोठ्या बाई हळूच मला म्हणाल्या, "आबा, आता मुलीला घरीच ठेवा. तिचं बघायला आमच्याकडं कुणी नाही."

हिची राख अजून गरम होती. आमची चूल बंद, म्हणून शेजारची भाभी पिठलं-भाकरी घेऊन आली होती. ती भाकरीची टोपली ठेवत म्हणाली, "एवढी मोठी शाळा, आन् एक बाई गेली तर बंद पडती व्हय?"

अध्यक्ष घड्याळ बघत उठले.

सकाळी पोरीला गणवेश घातला. भावकीतला एक जण आडवा आला, "आबा, सुतकात कुठं निघालात?"

"शाळेत."

"लोक काय म्हणतील?"

"नमस्ते म्हणतील."

पोरीला वर्गात सोडली आन् मी व्हरांड्यात मांडी घातली. मोठ्या बाई लगबगीनं आल्या. "आबा, बाप्या माणसानं इथं बसणं बरं दिसत नाही."

"मग तुम्ही बसा," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं पोर गणवेशाचा परकर ओला करून दारात आली. तिला पिशवीतला कोरडा नेसवला, ओला नळाखाली धरला, आन् आत हाक मारून बाईंकडं साबण मागितला.