शब्बीरचाचांचं चालू इंजन

शब्बीरचाचा गाडी थांबवायचे, इंजन नाही. आखाडा बाळापूर ते वसमत त्यांची काळी-पिवळी जीप चालायची. पॅसेंजर चढो, उतरो, चाचा टपरीवर चहाला जावोत, जीप आपली जागच्या जागी थरथरत उभी. मागच्या बाकावर बसलेल्यांचे दात वाजायचे. कुणी म्हटलं, "चाचा, घडीभर बंद तरी करा," की उत्तर ठरलेलं: "बंद केली तं धक्का तुमी मारनार का? सेल्फ खराब हाय." मग पुन्हा कुणी बोलायचं नाही. उन्हात जीपला धक्का मारायची हौस कुणालाच नसते.

त्या जीपने मी तीन वर्षं वसमतच्या कॉलेजला गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून आत. फाट्यापर्यंत हळदीच्या वावरांतून अर्ध्या तासाची पायवाट. भाकरी थापून, म्हशीचं करून निघायचं, म्हणजे रोजचाच उशीर. आणि माझ्या वडिलांनी, दादांनी, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शब्बीरच्या गाडीतच बसायचं. ती गाडी चुकली आन् तू फाट्यावर एकली उभी दिसलीस, की त्या दिवशी कॉलेज बंद." दादा बोलले की बोलले. त्यामुळे त्या जीपवर माझं सगळंच टांगलेलं होतं.

हळद वाढली की पायवाटेवरून फाटा दिसत नसे. पण इंजन ऐकू यायचं. तो घरघराट कानावर आला की मी चपला हातात घेऊन पळत सुटायची. आवाज आहे तोवर कॉलेज आहे, एवढं मला कळत होतं.

जीपमध्ये तोवर बोलणी सुरू झालेली असायची. "चाचा, डिझेल काय नळाला येतं का तुमच्या?" "चाचा, माझी कचेरीतली तारीख हाय आज!" चाचा अ‍ॅक्सिलेटरवर पाय द्यायचे, जीप गुरगुरायची, चार बोटं पुढं सरकायची. "हे काय, निंगालोच की. कॉलेज येऊन राहिलंय." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी म्हणजे कॉलेज. धापा टाकत मी चढले की आरशातून बघत म्हणायचे, "काहून गं, आज म्हैस बी येते म्हनत हुती का वसमतला?" सगळी जीप हसायची. मला राग यायचा, पण जागा मिळालेली असायची. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची. ती ते कुणाला देत नसत.

मी बी.ए. झाले, परीक्षा दिल्या, वसमतच्या पंचायत समितीत लागले. तिथेच खोली केली, नंतर घर. दादा गेले, आई भावाकडे राहिली. दोन वर्षांपूर्वी मी नवी गाडी घेतली. माझ्या पैशांची, माझ्या नावावर. चालवता मात्र येत नव्हती. तेव्हा चाचांची आठवण झाली. मधल्या वर्षांत ती फारशी झाली नव्हती, हेही खरं.

जीप भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाची वारल्या होत्या, मुलगी नांदेडला दिलेली. बाळापुरात दोन खोल्यांत चाचा एकटे. मी फोन केल्यावर मला गाडी शिकवायला दर रविवारी एसटीने वसमतला यायला लागले. पहिल्या दिवशी गाडीभोवती फिरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "लई झ्याक घेतली म्याडम तुमी."

"चाचा, मला 'तुमी' कशाला म्हणता?"

"सायेब लोकायला तू म्हनत न्हाईत."

त्यांनी 'कॉलेज' म्हणावं याची मी वाट बघत राहिले. ते म्हणाले नाहीत.

पहिल्याच रविवारी वसमतबाहेरच्या रेल्वे गेटवर तो प्रकार झाला. गेटापलीकडच्या मोकळ्या रस्त्यापर्यंत चाचाच चालवायचे, मी शेजारी. गेट पडलेलं. त्यांनी गिअर काढला, क्लचवरून पाय उचलला, आणि इंजन आपोआप बंद झालं. नव्या गाड्यांत तशी सोय असते. गाडी उभी राहिली की इंजन बंद, क्लच दाबला की पुन्हा सुरू. चाचांना ते कुठून माहीत असणार? त्यांचा चेहरा पडला. "बंद पडली," म्हणाले, पट्टा काढला, दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत मागे जाऊन दोन्ही हात लावून धक्का मारायला लागले. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला हाकही मारली, "ये रे बाबा, हात लाव जरा!"

ट्रॅक्टरवाला हसून लोळायचा राहिला. "चाचा, कोऱ्या गाडीला धक्का? बैल आनू का?" मीही हसले. खोटं कशाला सांगू, मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. तेवढ्यात गेट उघडलं. चाचा घाईने आत बसले, मी सांगितलं म्हणून क्लच दाबला, पण गाडी सुरू होईना. दार उघडलं की ती आपोआप सुरू होत नाही, चावी फिरवावी लागते, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. मागे हॉर्नचा गोंधळ. अखेर चाचांनीच चावी फिरवली. रुमालाने मान पुसली आणि गाडी पुढे काढली.

पुढच्या रविवारी बाळापूरच्या स्टँडवरून सगळ्या ड्रायव्हर लोकांचं मत घेऊन आले. "नांदेडला गाडी चालवतो तो पोरगा म्हनतो, पहिले चावी मारायची आन् दुसरं काम ते बटन दाबून ही भानगड बंद करायची. दुसरा म्हनतो, याची ब्याटरी येगळी ऱ्हाते, लई महाग. इंजन बंद झालं की एसी बी गार हवा देत न्हाई म्हनतेत, उन्हाळ्यात गेटवर मानूस उकडून निंगल. एकजन म्हनला चांगली चीज हाय. पन तो शोरूमात कामाला हाय."

मी शिकलेली. गाडीचं पुस्तक वाचलेलं. मी त्यांना धूर, पेट्रोल, सगळं समजावलं आणि वर म्हणाले, "चाचा, उभ्या गाडीचं इंजन चालू ठेवणं म्हणजे निव्वळ वाया. ते बटण दाबायचं नाही."

चाचा समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "वाया तं हायच."

त्यानंतर गेटवर गाडी कधी बंद पडली नाही. मला वाटलं, नशीब. मग एकदा त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. गिअर काढलेला, पण डावा पाय क्लचवर दाबून धरलेला. गेट पडल्यापासून उघडेपर्यंत. मांडी थरथरत होती.

"हे काय चाचा?"

"पाय दाबून ठिवला की बंद न्हाई होत. माझं मीच शोधलं." एवढंसं हसले.

"अहो, क्लच खराब होईल ना गाडीचा!"

त्यांनी पाय उचलला. इंजन थांबलं. त्या शांततेत ते एकदम म्हातारे दिसले. त्या दिवशी उतरताना म्हणाले, "तुमाला आता येती गाडी, म्याडम." पुढच्या रविवारी आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

सहा-सात महिन्यांनी बाळापूरला कामाला गेले, तेव्हा त्यांच्या दारी गेले. ते ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मी पार जवळ गेले तेव्हा दचकले. "कवा आल्या? आवाजच न्हाई तुमच्या गाडीला." चहा त्यांनीच केला. कप दोनच होते, त्यातला एक धुळीचा, तो विसळून मला दिला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "चाचा, जीपचा सेल्फ तुम्ही कधी नीट करून का घेतला नाही?"

"सेल्फ?" ते हसायला लागले. "आगं, सेल्फला काय झालतं? नवा टाकला व्हता मी. येका झटक्यात चालू व्हायची."

"मग बंद का करत नव्हता?"

"बंद गाडीत मानसं बसत न्हाईत. इंजन चालू असलं की वाटतं, आता निंगल, आता निंगल. बसून राहतेत. बंद केली असती तं चारजन उतरून मागच्या जीपात गेले असते. मंग बाकीचे बोंबलले असते, आन् मला निंगावं लागलं असतं." कप खाली ठेवला. "तुजा बाप फाट्यावर मला सांगून गेला व्हता, गाडी चुकली तं पोरगी घरी."

किती दिवसांनी ते 'तुजा' म्हणाले होते. पुन्हा येते, एवढं म्हटलं. गेले नाही. मार्चएंड होता, मग बदल्या होत्या. कारणं भरपूर असतात.

पावसाळ्यात एका दुपारी बाराच्या पुढे बाळापुरातून फोन आला, चाचा पहाटे गेले, आताच्या नमाजानंतर दफन. मी ऑफिसातून तशीच निघाले. वसमतबाहेरचं गेट पडलं होतं. मालगाडी होती, डबे संपेनात. माझी गाडी आपोआप बंद झाली. मी पोहोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती. चाचांची मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "जनाजा उचलताना लोकं इचारत व्हते, कोनी यायचं ऱ्हायलंय का म्हनून. मी म्हनलं, न्हाई, आमचं कोन हाय?"

कुणीतरी म्हणायला हवं होतं, थांबा, कॉलेज येऊन राहिलंय. म्हणणारा तेवढा एकच होता.

परतताना आमच्या फाट्यावर गाडी थांबवली. हळद कमरेएवढी झाली होती, पायवाट रिकामी. मी ते बटण दाबलं. इंजन चालू राहिलं. किती वेळ कोण जाणे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेले एक आजोबा काचेजवळ वाकले.

"कोनाची वाट पाहून राहिल्या बाई? इंजन तरी बंद करा, वाया जाऊन राहिलं."

"सेल्फ खराब आहे," मी म्हणाले.