शिंपीकाकांची उधार कोळंबी

वाढदिवसाला मिळणाऱ्या फुकटच्या आइस्क्रीमपायी मेकॅनिकने गिऱ्हाइकांसमोरच रांधणाऱ्या जपानी हॉटेलात स्वयंपाक्याला ठोकून दिलं, “आज आमच्या शिंपीकाकांचा वाढदिवस!” समोरच्या तव्यावर भपकन ज्वाळा उठली, मित्रांनी टाळ्या पिटल्या, पण काकांचं हसू मावळलं. तेव्हा कुठे मेकॅनिकच्या डोक्यात उजेड पडला. अनाथाश्रमात वाढलेल्या काकांना आपली जन्मतारीखच ठाऊक नव्हती.

“काका, चुकलंच माझं.”

काका ज्वाळेकडे बघत राहिले. “गप रे गाढवा. कुठला तरी दिवस असणारच की! आजचाच धरू.”

गिऱ्हाइकाने तोंडात झेलावी म्हणून, तिथल्या रिवाजाप्रमाणे, स्वयंपाक्याने उलथन्याने त्यांच्याकडे कोळंबी उडवली. ती नाकावर आपटून मांडीत पडली. सगळे खो खो हसले, काका सर्वांत जास्त.

“दुसरी उडवू?”

“नको,” काका म्हणाले, “उधार ठेवा. पुढच्या वाढदिवसाला येतो.”