यांचं नाव आकड्यांत

उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच, एरवी नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही. हाक मारायची तर 'आयकलं का जी'. ते गेल्यावर मागच्या खोलीतून खाकरणं ऐकू येऊ लागलं. जेवायला बसण्याआधी ते खाकरायचे, तसंच. नात म्हणाली, उंदीर असतील. उंदीर खाकरत नाहीत.

भीती नव्हती. आत तेच आहेत का, एवढं मला कळायला हवं होतं. 'आयकलं का जी' म्हटलं तर कोणीही ओ देईल. नावानंच हाक मारायला हवी होती, आणि नाव तोंडातून निघत नव्हतं.

नात अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत अकोल्याला आली होती. दुपारी लॅपटॉपवर, सी भाषेत प्रोग्राम लिहून, अक्षरांचे आकडे करत होती. मशीनला अक्षर कळत नाही, आकडाच कळतो म्हणे. तिनं आजोबांचं नाव टाकलं. पडद्यावर आकडे आले, प्रत्येकाआधी वजाचं चिन्ह. चौथी शिकले आहे मी, वजा मला कळतं.

"अवं पोरी, मेलेल्या माणसाले वजा करते काय तुयी मशीन?"

"थांब ना आजी, माहीच चूक आहे."

तिनं प्रोग्राममध्ये एक शब्द वाढवला, चिन्हं गेली. मग आकड्यांवरून नाव परत काढायला गेली, तर नुसती प्रश्नचिन्हं.

"मोडलं काय वं यायचं, तुया आजोबाचं नाव?"

"नाही वं. मराठीचं एक अक्षर तीन आकड्यांत बसते. मी एकएक सुटा काढून राहिली."

तीन-तीन जोडल्यावर नाव जसंच्या तसं उमटलं. नातीनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"वाच आता."

"मी नाही वाचत."

"कावून? आता तं आजोबाही नाहीत रागवायले."

"ते आकडे म्हनजे यायचंच नाव ना?"

"तेच."

"मंग आकडेच आन परत."

लॅपटॉप घेऊन तिला मागच्या खोलीच्या दारात उभं केलं आणि मीच आकडे मोठ्यानं वाचले. दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, आणि पुढचे सगळे. शेवटच्या आकड्यापर्यंत नात हसली नाही.

ओ आली नाही. पण त्या दुपारपासून खाकरणं बंद झालं. नात म्हणते, तुझ्या मनाचा खेळ होता. मला तसं वाटत नाही. परकं कोणी असतं तर यांच्या नावाच्या हाकेनं कशाला गेलं असतं? कळायचं ते कळलं. आता त्या खोलीत कांदे पसरते.